जोडायला एक फोन, तोडायला सहा

गेल्या महिन्यात घरचं इंटरनेट बंद करायला घेतलं. कंपनीचं नाव घेत नाही. सहा फोन झाले. दर वेळी नवा आवाज, नवी ऑफर आणि तोच प्रश्न, "सर, कारण सांगाल का?" राउटर न्यायला कुणी फिरकलं नाही, बिल मात्र वेळेवर आलं.

तेव्हा आमच्या मुलुंडची जुनी केबल आठवली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर इथे गच्च्यागच्च्यांवरून काळ्या वायरी फिरल्या. १९९२ मध्ये झी टीव्ही आला, केबलचा कायदा आला तो थेट १९९५ मध्ये. तोवर सगळा कारभार तोंडी. दहावीचं वर्ष लागलं की आई केबलवाल्याला दारातच सांगायची, "दादा, मार्चपर्यंत बंद ठेवा." झालं! उगाच गोडवे गात नाही. गल्लीत केबलवाला एकच, त्याच्याशी भांडलात तर दुसरा मिळायचा नाही. पण 'नको' ऐकायला समोर माणूस होता.

२०१२ च्या अखेरीस मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. २०१९ मध्ये आपले चॅनल आपण निवडायची सोय आली. निवडायचा हक्क मिळाला हो, पण सुटायचं काय?

मोबाइलचंही तेच. पूर्वी कंपनी सोडायची म्हणजे नंबरही सोडायचा. सगळ्या नातेवाइकांना, गिऱ्हाइकांना नवा नंबर कळवत बसा. म्हणून लोक मुकाट्याने राहायचे. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. गिऱ्हाईक उठून जाऊ शकतं, हे कळलं की दुकानदार नीट बोलतो. साधा हिशोब आहे.

ऑनलाइन घेतलेल्या सेवांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली. वर्गणी रद्द करणं मुद्दाम किचकट करणं, रद्द करायचं बटण लपवणं हे त्यात आहे. म्हणजे जोडणी द्यायला सुरुवात झाल्यावर तीसेक वर्षांनी 'सोडू न देणं' हा गुन्हेगारी चलाखपणा नसला तरी अनुचित व्यवहार आहे, हे कागदावर आलं.

तेव्हा मंडळी, फोनवर विसंबू नका. ईमेलने लेखी कळवा, तक्रार क्रमांक जपा, राउटर दिल्याची पावती घ्या. तरी ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. माझं तिथेच सुटलं.

तुम्हाला किती फोन करावे लागले? खाली सांगा.