शंख टिकला, रेशीम विरलं

दिल्लीत जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलात, की हडप्पा दालनात नर्तकीची मूर्ती पाहून लगेच पुढे निघू नका. तिथल्या शंखाच्या बांगड्यांपाशी थोडं थांबा. त्या चार हजार वर्षांहून जुन्या आहेत. पण ज्या हातांत त्या होत्या, त्या अंगावर कापड कुठलं होतं?

याचं उत्तर शोधायचं तर आधी प्राण्यांकडे वळू. शंख, शिंपला, कवडी, गोगलगाय हे मृदुकाय प्राणी. यांचं अंग मऊ, त्याला खंड नाहीत, सांध्यांचे पायही नाहीत. आपण म्हणतो, ‘गोगलगाय आणि पोटात पाय’. शास्त्रज्ञांनी तिच्या गटाला दिलेल्या ‘गॅस्ट्रोपॉड’ या ग्रीक नावाचा अर्थही पोट-पाय असाच आहे! शंखाच्या अंगावरची त्वचेची घडी, म्हणजे प्रावार, चुन्याचं कवच घडवते. प्राणी वाढतो तशी कवचाच्या कडेला भर पडत जाते. जन्मभर घर एकच, आणि प्राणी मेल्यावरही ते उरतं.

खेकडा, कोळंबी, विंचू आणि रेशमाचा किडा हे संधिपाद. शरीर खंडांचं, पाय सांध्यांचे, वरून कायटिनचं कवच. हे कवच अंगाबरोबर वाढत नाही, म्हणून प्राण्याला पुन्हा पुन्हा कात टाकावी लागते. टाकलेली कात मातीत सहसा कुजून जाते.

1758 मध्ये लिनियसने खेकडे-विंचू कीटकांत घातले आणि गोगलगायी चक्क कृमींत! पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या क्युव्हिएने शरीराच्या आतली रचना तपासून मृदुकायांना वेगळं स्थान दिलं.

आता पुन्हा बांगडीकडे येऊ. कच्छच्या आखाताकाठी नागेश्वर इथे हडप्पाकालीन कारागीर शंख करवतीने कापत. त्या कामाचे तुकडेसुद्धा सापडले, कारण शंख टिकतो. रेशीम मात्र किड्याच्या लाळेतून निघालेला धागा, तो मातीत विरतो. म्हणून त्या काळी रेशीम फक्त चीनमध्येच होतं, असं कितीतरी वर्षं मानलं जाई. 2009 मध्ये हडप्पा आणि चन्हुदडो इथल्या दागिन्यांतले धागे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले आणि ते रानरेशीम निघालं. तांब्याच्या गंजाने त्यातले काही धागे जपले होते!

म्हणजे त्या लोकांकडे शंख होता, तसं रेशीमही होतं. आपल्याला काचेमागे दिसला तो शंख. सापडलं नाही म्हणून नव्हतंच, असं इतिहासात लगेच म्हणू नये. आधी विचारावं: ती वस्तू टिकणारी होती का?

पुढच्या वेळी त्या बांगड्यांसमोर उभे राहाल, तेव्हा न दिसणारं ते रेशीमही आठवा. भेटू पुढच्या भागात.