न जन्मलेल्या मुलीचा माग

१३ जानेवारी १९५७ रोजी बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवरून सॅम्युएल बेकेटचं ‘ऑल दॅट फॉल’ हे नभोनाट्य प्रसारित झालं. थकलेली, पाय ओढत चालणारी मॅडी रूनी आंधळ्या नवऱ्याला स्टेशनवरून घरी नेते आहे. वाटेत तिला कधीकाळी ऐकलेलं एका मनोविकारतज्ज्ञाचं व्याख्यान आठवतं. त्याच्याकडे एक लहान मुलगी उपचारासाठी होती. काही केल्या गुण आला नाही; ती गेली. बोलता बोलता डॉक्टरला एकाएकी उमगलं, की ही मुलगी खऱ्या अर्थाने कधी जन्मलीच नव्हती. मॅडीची स्वतःची मुलगीही लहानपणीच गेलेली. ते बोल तिचा पिच्छा सोडत नाहीत.

ही हकीकत बेकेटने स्वतः ऐकलेली होती. १९३३ मध्ये वडील वारले आणि रात्री-अपरात्री दरदरून घाम फुटणं, छाती धडधडणं असह्य होऊन तो लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये विल्फ्रेड बिऑनकडे उपचार घेऊ लागला. १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये बिऑन त्याला मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंगच्या व्याख्यानाला घेऊन गेला. तिथे युंगने दहा वर्षांच्या त्या मुलीबद्दल सांगितलं. वीस वर्षांनंतरही बेकेट ते विसरला नव्हता.

आदल्याच वर्षी युंगकडे आणखी एक मुलगी उपचारासाठी आली होती: कादंबरीकार जेम्स जॉइसची लुसिया. पॅरिसमध्ये जॉइसच्या घरी बेकेटचा राबता होता. लुसियाचा त्याच्यावर जीव जडला, तेव्हा आपण येतो ते तुझ्या वडिलांसाठी, असं त्याने तिला स्पष्ट सांगितलं. लुसिया नर्तिका होती. वडिलांच्या कवितांसाठी तिने सुंदर नक्षीदार आद्याक्षरं काढली. १९३२ मध्ये, वडिलांच्या पन्नासाव्या वाढदिवशी, तिने आईवर खुर्ची फेकली आणि मग इस्पितळांच्या फेऱ्या सुरू झाल्या. जॉइसला मात्र तिच्या असंबद्ध बोलण्यात आपल्याच प्रतिभेची ठिणगी दिसत राहिली. युंगचं मत वेगळं होतं: दोघंही नदीच्या तळाशी निघालेत, पण बाप बुडी मारतो आहे आणि मुलगी बुडते आहे.

जॉइसच्या या समजुतीमागे एकोणिसाव्या शतकाचा वारसा होता. इटलीत लोंब्रोसोने १८६४ मध्ये प्रतिभा आणि वेड यांची सोयरीक जुळवली. इंग्लंडमध्ये गाल्टनने १८६९ मध्ये बुद्धिमत्ता घराण्यातून उतरते, असं मांडलं. हा शोध पुढेही चालू राहिला: २०११ मध्ये स्वीडनमध्ये सुमारे तीन लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेल्यांची निरोगी भावंडं सर्जनशील व्यवसायांत अपेक्षेपेक्षा जास्त आढळली. म्हणजे एकाच घरात प्रतिभा एकाच्या आणि आजार दुसऱ्याच्या वाट्याला येऊ शकतो.

लुसियाच्या वाट्याला आजार आला. १९५१ पासून १९८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती नॉर्थॅम्प्टनच्या इस्पितळात होती. तिची पत्रं पुढे तिच्या भाच्याने नष्ट केली, त्यामुळे तिची बाजू तिच्या शब्दांत फारशी उरलेली नाही. ‘ऑल दॅट फॉल’मध्ये बेकेटने डॉक्टरच्या त्या निदानाला शेवटचा शब्द होऊ दिलं नाही. ते त्याने मूल गमावलेल्या आईच्या तोंडी दिलं. त्यामुळे रेडिओपाशी बसलेल्या माणसाच्या कानी विद्वत्तापूर्ण निष्कर्षाआधी एका बाईची वेदना पडते. प्रतिभावंतांच्या घरातल्या आजाराबद्दल बोलताना हाच क्रम पाळायला हवा: आधी आजारी माणसाचं दुःख, त्याच्यावरचे उपचार, आणि मग प्रतिभेची चर्चा.