कॉलियर बंधू प्रकरण

कॉलियर बंधू प्रकरण : (१९४७). न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील फिफ्थ ॲव्हेन्यूवर, १२८व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरील घरात होमर (१८८१–१९४७) व लँगली (१८८५–१९४७) या सख्ख्या भावांचा ओढवलेला मृत्यू. एकाकी वृद्ध आणि मोडकळीस आलेली घरे यांच्याबाबत नगरव्यवस्था कुठे कमी पडते, हे सांगताना या प्रकरणाचा दाखला वारंवार दिला जातो.

होमर कायदा शिकलेले, तर लँगली पियानो वाजवणारे. १९२९ मध्ये आई वारल्यावर दोघांनी लोकांत मिसळणे जवळजवळ सोडले. पुढे होमर यांची दृष्टी गेली आणि संधिवाताने ते जागेवरच खिळले. त्यांना पुन्हा दिसू लागेल या आशेने लँगली त्यांना आठवड्याला शंभर संत्री खाऊ घालीत. तेव्हा वाचता यावीत म्हणून वर्तमानपत्रेही जपून ठेवीत. चोरांच्या भीतीने त्यांनी घरात साठत गेलेल्या सामानाच्या ढिगाऱ्यांत सापळे रचले होते.

या घराकडे कोणाचेच लक्ष नव्हते, असे म्हणता येत नाही. गॅस १९२८ मध्येच तोडलेला होता. १९४२ मध्ये गहाणाची रक्कम थकल्याने बँकेने घर खाली करण्याची धमकी दिली. त्यावेळी लँगली यांनी ६,७०० डॉलरचा धनादेश लिहून दिला, सर्वांना निघून जायला सांगितले आणि सगळे निघून गेले. थकबाकी मिटली. आत एक अंध, अपंग माणूस कसा जगतो आहे, हे पाहणे मात्र कोणाच्याच कामात बसत नव्हते. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने खरी चूक इथे आहे.

२१ मार्च १९४७ रोजी निनावी फोन आल्यावर पोलिस वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरले. होमर काही तासांपूर्वीच मरण पावले होते. लँगली यांचा शोध शहराबाहेरही घेतला गेला. ८ एप्रिलला ते त्याच घरात, भावापासून सुमारे दहा फुटांवर सापडले. भावासाठी अन्न नेताना आपल्याच सापळ्याखाली ते चिरडले गेले असावेत. त्यांच्यामागे होमर उपाशीच राहिले. घरातून १२० टनांहून अधिक सामान निघाले, त्यात चौदा पियानो होते.

घर त्याच वर्षी पाडण्यात आले. त्या जागी आता कॉलियर बंधूंच्या नावाची छोटी बाग आहे. सामानाने खचाखच भरलेल्या घराला न्यूयॉर्कचे अग्निशामक ‘कॉलियर मॅन्शन’ म्हणतात. आगीच्या वेळी आत शिरणाऱ्या सहकाऱ्यांना याच शब्दांत सावध केले जाते.