देशाभिमान व पूर्वग्रह

देशाभिमान व पूर्वग्रह : जन्मभूमी, तेथील माणसे व संस्था यांविषयीचे ममत्व आणि त्यांच्यासाठी झीज सोसण्याची तयारी यांस देशाभिमान म्हणतात, तर पुरावा पाहण्यापूर्वीच निकाल देऊन मोकळी होणारी मनोवृत्ती म्हणजे पूर्वग्रह. ही दुसरी वृत्ती पहिलीच्या पोटीच वसते काय, हा नीतिशास्त्रातील जुना व अद्याप न मिटलेला वाद आहे.

४ नोव्हेंबर १७८९ रोजी लंडनमध्ये धर्मोपदेशक रिचर्ड प्राइस यांनी स्वदेशप्रेमावर प्रवचन केले. स्वदेशावर प्रेम करण्यासाठी त्यास इतर देशांहून श्रेष्ठ मानण्याची गरज नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. फ्रेंच राज्यक्रांतीवरील आपल्या १७९० च्या ग्रंथात एडमंड बर्क यांनी प्राइस यांचा समाचार घेतला, तेव्हा त्यांनी पूर्वग्रहाचीच उघड तरफदारी केली : पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण त्यात साठलेले असते व ऐन प्रसंगी ते माणसास डळमळू देत नाही. नित्याच्या कर्तव्यांपुरते हे म्हणणे वजनदार आहे. परंतु जेथे एखाद्याचा अपराध मुक्रर करावयाचा असतो, तेथे ते टिकत नाही. टॉलस्टॉय यांनी तर देशाभिमानास सरसकट त्याज्य ठरविले.

या प्रश्नाची खरी कसोटी फ्रान्समधील ड्रेफस प्रकरणात लागली. १८९४ मध्ये पॅरिसच्या जर्मन वकिलातीतील कचऱ्यातून मिळालेल्या, लष्करी गुपितांची यादी असलेल्या एका फाटक्या कागदावरून तोफखान्यातील ज्यू कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांस, बचाव पक्षाला न दाखविलेल्या कागदपत्रांच्या आधारे, देशद्रोही ठरवून डेव्हिल्स बेटावर धाडण्यात आले. १८९६ मध्ये हेरखात्याचे प्रमुख पिकार यांस त्या कागदावरील हस्ताक्षर एस्टरहाझी नामक दुसऱ्याच अधिकाऱ्याचे असल्याचे आढळले. आणि ज्यूंविषयी स्वतःचे मन निर्मळ नसतानाही त्यांनी ते वरिष्ठांच्या कानी घातले, त्याबद्दल त्यांची रवानगी ट्युनिसियात झाली. त्याच खात्यातील आंरी यांनी मात्र फौजेची अब्रू राखण्याकरिता ड्रेफस यांस दोषी भासविणारे एक बनावट पत्र रचले. १८९८ च्या ऑगस्टमध्ये एका अधिकाऱ्याने ते दिव्याच्या उजेडात न्याहाळले, तेव्हा कागदावरील चौकटींच्या रेघा दोन निरनिराळ्या रंगांच्या दिसल्या : दोन कागद जोडून ते एक केलेले होते. आंरी यांनी कबुली देऊन कैदेत आत्महत्या केली, आणि तरीही या बनावटीस देशसेवा मानून त्यांच्या विधवेकरिता वर्गणी गोळा करण्यात आली! ड्रेफस यांची निर्दोष मुक्तता १९०६ मध्ये झाली. १९१४ च्या युद्धात ते पुन्हा त्याच फौजेत रुजू झाले.

पिकार व आंरी हे एकाच खात्यातील, एकाच निशाणाचे चाकर. त्यांतील एकाच्या निष्ठेने पुराव्यास वाट दिली व दुसऱ्याच्या निष्ठेने पुरावाच घडविला. तेव्हा पक्षपात, म्हणजे आपल्यांचे हित आधी पाहणे, हा देशाभिमानाचा अविभाज्य अंश असला तरी पूर्वग्रह हा त्याचा विकार होय, असेच म्हणावे लागते. आई आपल्या मुलास आधी जेवू घालते, म्हणून शेजारणीच्या मुलास ती चोर म्हणत नाही. तत्त्वज्ञ अ‍ॅलिस्डेर मॅकिन्टायर यांनी मात्र १९८४ च्या एका व्याख्यानात असे मांडले, की देशाभिमान खरा असल्यास देशाच्या काही मूलभूत गोष्टी चिकित्सेच्या पलीकडे ठेवाव्याच लागतात. हा आक्षेप सहज झटकता येण्याजोगा नाही, कारण युद्धकाळी प्रत्येक शासन नेमकी हीच सवलत मागते.

भारतही यास अपवाद नाही. १९६२ च्या चीन-युद्धाच्या सुमारास आसाम व उत्तर बंगालमधील चिनी वंशाच्या सुमारे ३,००० रहिवाशांस, ज्यांत येथेच जन्मलेली मुले व वृद्धही होते, खटला न चालविता राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. सीमेवरील लढाई महिन्याभरात थांबली. छावणीतील शेवटची माणसे मात्र १९६७ मध्ये सुटली.