धूर, धुके आणि ज्युलिया

मंडळी, मागच्या वेळी आपण ॲलन ट्युरिंगच्या १९५० च्या निबंधापाशी थांबलो होतो. पडद्याआडून उत्तरे देणारा माणूस की यंत्र, हे परीक्षकाने ओळखायचे, अशी ती कल्पना. आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट अशी की, ही परीक्षा एकदा घेतली गेली, पण आपण परीक्षक आहोत हे परीक्षकांनाच ठाऊक नव्हते!

थोडा इतिहास पाहू. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ नावाचा खेळ रचला. त्यात चित्रे नव्हती, सगळा शब्दांचा कारभार. ‘उत्तरेला जा’ असे टंकायचे, की पुढच्या खोलीचे वर्णन समोर येई. १९८९ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स ॲस्पनेस या विद्यार्थ्याने ‘टायनीमड’ काढला. यात मारामारी जवळजवळ नाहीच. खेळाडूंनी स्वतःच खोल्या बांधायच्या आणि गप्पा मारायच्या. बघता बघता खोल्यांची संख्या हजारोंत गेली.

त्याच विद्यापीठातल्या मायकेल मॉल्डिन यांनी या जगात ज्युलिया सोडली. ज्युलिया म्हणजे एक संगणक प्रोग्राम, पण खेळात शिरायची ती इतरांसारखीच, खेळाडू म्हणून. खोल्या फिरून ती नकाशा मनात, म्हणजे स्मृतिकोशात, साठवी. वाट चुकलेल्याला रस्ता सांगे, एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवी. बोलणे म्हणाल तर ठरावीक साचे: समोरच्याच्या वाक्यात अमुक शब्द आला तर तमुक उत्तर. १९६६ सालच्या वाइझेनबाउम यांच्या ‘एलायझा’चीच ही धाकटी बहीण. फरक एवढाच की, एलायझासमोर बसणाऱ्याला आपण यंत्राशी बोलतोय हे बहुधा ठाऊक असे. इथे मात्र सगळे खेळाडू माणसेच, हे लोकांनी गृहीत धरले होते. १९९२ मध्ये एका खेळाडूने जवळजवळ दोन आठवडे ज्युलियाशी सलगी करायचा प्रयत्न केला, अशी नोंद आहे. पुढे १९९४ मध्ये मॉल्डिन यांनीच अशा प्रोग्रामसाठी ‘चॅटरबॉट’ हा शब्द रूढ केला.

आता त्या गृहस्थाला हसायचे का? आम्ही हसणार नाही. तर्कशास्त्र शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर धूर काढला, डोंगर काढला आणि म्हटले, ‘जिथे धूर तिथे अग्नी.’ सातव्या शतकात धर्मकीर्तीने ‘संतानान्तरसिद्धि’ हा छोटा ग्रंथ लिहिला. दुसऱ्याचे मन आपल्याला दिसत नाही, मग ते आहे हे कशावरून? त्याचे उत्तर थोडक्यात असे: माझ्या बोलण्याचालण्यामागे माझी इच्छा असते, म्हणून दुसऱ्याच्या बोलण्याचालण्यावरून त्याच्या मनाचे अनुमान होते. म्हणजे बोलणे हा धूर, मन हा अग्नी. तो खेळाडू हेच करत होता, आणि आपणही दिवसभर हेच करतो.

पण न्यायशास्त्र बजावते की, साध्य नसतानाही हेतू आढळला तर तो सव्यभिचार, अनुमानाला नालायक. ज्युलियाने नेमके हेच घडवले. डोंगरावर दिसले ते धुके होते, आणि आम्ही शेकायला निघालो!

काहीजण म्हणतील, ‘सर, मग बोलण्यावर विश्वासच ठेवू नये का?’ तसे केले तर माणसांचे काय होईल? एकटे पडलेल्याला आपण खरेच दुःखी आहोत हे सांगायला शब्दांशिवाय दुसरे साधन नाही. सगळ्यांकडे संशयाने पाहू लागलो, तर यंत्राने फसण्यापेक्षा मोठी हानी आपण स्वतःच करून घेऊ. म्हणून आमच्या मते ओझे ऐकणाऱ्यावर टाकू नये. धुके सोडणाऱ्याने ‘हे धुके आहे’ एवढी पाटी लावावी. ज्युलियाने रस्ता सांगितला, निरोप पोचवला, त्यासाठी तिला मन असण्याची गरज नव्हती. पाटी लावून काय बिघडले असते?

यावर तुमचे मत निराळे असेल, तर प्रश्नोत्तरांत जरूर मांडा.