एका गोळींतील दोन घराणीं

१९७८ सालीं अमेरिकेंत व्हायकोडिन नांवाची एक वेदनाशामक गोळी निघाली. तिच्यांत अफूच्या वंशांतलें हायड्रोकोडोन होतें ५ मिलिग्रॅम, आणि घरोघरीं तापावर देतात तें साधें पॅरासिटामॉल होतें ५०० मिलिग्रॅम. कीर्ति मात्र सारी पहिल्याच्याच वांट्याला आली.

पहिलें घराणें जुनें आणि मानाचें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींतील सेर्ट्युर्नर यानें अफूंतून मॉर्फीन वेगळें काढलें. १८३२ सालीं फ्रान्समध्यें रोबिके यास अफूंतच कोडीन सांपडलें, आणि त्याच्याच रचनेंत फेरफार करून १९२० च्या सुमारास जर्मन रसायनज्ञांनीं हायड्रोकोडोन बनविलें.

दुसऱ्या घराण्याचा जन्म घोटाळ्यांतला. १८८६ सालीं स्ट्रासबुर्ग येथील कान व हेप हे डॉक्टर जंतांवर नॅफ्थलीन देऊन पाहत होते. औषधविक्यानें चुकून दुसरीच पूड दिली. जंत हटले नाहींत. ताप मात्र उतरला! ती पूड ॲसिटॅनिलाइडची होती. तिनें रक्त बिघडे, ओठ निळे पडत. तरीहि ती बरींच वर्षें खपली. गुण नेमका कशाचा, हें १९४८ सालीं ब्रोडी व ॲक्सेलरॉड यांनीं दाखविलें: शरीरांत तिचें पॅरासिटामॉल होतें, आणि वेदना थांबते ती त्यानें.

या दोन घराण्यांची सोयरीक अमेरिकन कायद्यास मानवली. १९७० च्या कायद्यानें शुद्ध हायड्रोकोडोनवर कडक पहारा बसविला होता; पण पॅरासिटामॉल मिसळलेली गोळी खालच्या वर्गांत पडली, आणि एकाच चिठ्ठीवर सहा महिन्यांत पांच वेळां पुन्हां मिळूं लागली. जणूं जोडीदाराच्या संगतीनें अफूचा स्वभावच पालटला होता! व्यसन लागलेला मनुष्य अफूच्या अंशासाठीं गोळ्या वाढवी, आणि यकृताचा घात करी तो बरोबरचा गरीब जोडीदार. शेवटीं २०११ सालीं सरकारी औषध खात्यानें अशा गोळींतील पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमपर्यंत खालीं आणण्यास सांगितलें, आणि २०१४ सालीं मिश्रणासहि वरच्या वर्गाचा पहारा लागू झाला.

इतक्या धोक्याच्या मोबदल्यांत अधिक काय मिळत होतें? न्यूयॉर्कमधील ब्राँक्स येथें हातापायांच्या तीव्र दुखण्यानें तातडीच्या विभागांत आलेल्या चारशेंहून अधिक रोग्यांवर एक प्रयोग झाला. तो २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींना अफूवर्गीय तीन मिश्रणांपैकीं एक दिलें. इतरांना ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन व १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन हें १९६१ सालीं ब्रिटनमध्यें तयार झालेलें ॲस्पिरिनच्या जातीचें औषध. दहाच्या मापावर आरंभीं वेदना सरासरी ८.७ होती. दोन तासांनीं साध्या जोडीनें ती ४.३ नें उतरली, तर मिश्रणांनीं ३.५ ते ४.४ नें. हा फरक वैद्यकीय दृष्ट्या नगण्य ठरला.

यांत नवल वाटण्याजोगें थोडेंच आहे. अफूवर्गीय द्रव्य मेंदूंत व मज्जारज्जूंत वेदनेचा निरोप मंद करितें. आयब्युप्रोफेन दुखऱ्या जागींच सूज उत्पन्न करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिति अडवितें. मुरगळलेल्या पायाचें मूळ दुखणें तेथेंच असतें. अर्थात् ही कसोटी दोन तासांपुरती आणि हातापायांपुरती होती. कर्करोगाच्या असह्य वेदनेंत मॉर्फीनचें स्थान तिनें हलविलेलें नाहीं.