मोल नावाचे माप

मी बी.ए. झालेला माणूस. रसायनशास्त्राशी माझा संबंध चहात साखर विरघळवण्यापुरता. पण मुलीच्या अकरावीच्या पुस्तकात ‘मोल’ दिसला आणि कान टवकारले. आपले मोल म्हणजे किंमत. हे मोल मात्र जर्मन. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेले. अर्थ डझनासारखाच. डझन म्हणजे बारा, मोल म्हणजे अदमासे सहावर तेवीस शून्ये. इतके कण मोजणार कोण? म्हणून ते तोलायचे. १२ ग्रॅम कार्बनमध्ये जितके अणू, तितकेच १८ ग्रॅम पाण्यात रेणू.

पण त्यासाठी कोणता अणू कोणाच्या किती पट जड, हे ठाऊक हवे. घोडे तिथेच अडले होते. पाण्यात वजनाने एक भाग हायड्रोजन, आठ भाग ऑक्सिजन, हे तराजू सांगे. हायड्रोजनचा अणू एक धरला तर ऑक्सिजन ८, दोन धरले तर १६. ज्याचे त्याचे पाणी निराळे!

उत्तर तयार होते. इटलीचे आमेदेओ ॲव्होगॅड्रो, शिक्षणाने वकील, यांनी १८११ सालीच म्हटले होते की, तापमान आणि दाब सारखा असेल तर सारख्या आकारमानाच्या कोणत्याही वायूंत कण सारखेच असतात. दोन माप हायड्रोजनला एक माप ऑक्सिजन लागतो. म्हणजे ऑक्सिजन १६. शिवाय हायड्रोजन वायूचा कण हीच अणूंची जोडी, असेही ते म्हणाले. एकाच जातीचे अणू एकमेकांना चिकटतील कसे, म्हणून मोठ्यांनी मान फिरवली. १८५६ मध्ये ॲव्होगॅड्रो गेले.

सप्टेंबर १८६०मध्ये जर्मनीतल्या कार्लस्रुहे गावी युरोपभरचे रसायनज्ञ जमले. तीन दिवस खल झाला. स्तानिस्लाओ कानिझारो ॲव्होगॅड्रोंची बाजू पोटतिडकीने मांडत राहिले. ठराव काही झाला नाही. निघताना त्यांचे मित्र पावेसी यांनी कानिझारोंची एक पुस्तिका वाटली. (आपले लिखाण असे हातोहात वाटणे आम्हा कवींना नवे नाही, पण ते वाचतो कोण?) लोथार मायर यांनी वाचले आणि त्यांच्या शंका फिटल्या. तरुण मेंडेलीव्हही त्या सभेत होते. १८६९ची त्यांची आवर्तसारणी याच सुधारलेल्या अणुभारांवर उभी राहिली.

गंमत पाहा, मोल हा शब्द देणाऱ्या ओस्टवाल्डांचाच अणूवर विश्वास नव्हता! विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर, फ्रान्सच्या जाँ पेरँ यांच्या प्रयोगांनंतर, त्यांनी तो मान्य केला. पेरँ यांनीच १९०९ साली त्या संख्येला ॲव्होगॅड्रोंचे नाव दिले. १९७१मध्ये मोल आंतरराष्ट्रीय एककांत बसला, आणि २० मे २०१९पासून त्याचा आकडा कायमचा ठरला : ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात. ॲव्होगॅड्रोंनी स्वतः तो कधीच काढला नव्हता.